बेल ५२५ची फ्लाय-बाय-वायर नियंत्रणप्रणाली : संगणकांचे एकमत आणि वैमानिकाचा हात

नागरी वापरासाठी आखलेले पहिले फ्लाय-बाय-वायर हेलिकॉप्टर, ही बेल ५२५ची खरी ओळख आहे. वीस प्रवाशांपर्यंतची क्षमता, जनरल इलेक्ट्रिकची सीटी-७ मालिकेतील दोन इंजिने, पाच पात्यांचा मुख्य रोटर आणि गार्मिनचे कॉकपिट या गोष्टी त्याच्या माहितीपत्रकात आहेतच. परंतु अशा गोष्टी थोड्याफार फरकाने त्याच्या प्रतिस्पर्ध्यांकडेही मिळतात. प्रतिस्पर्ध्यांकडे न मिळणारी गोष्ट ही की, वैमानिकाच्या हातातील दांडा आणि पात्यांचा कोन बदलणारी स्वॅशप्लेट यांना जोडणारी सळ्यांची यांत्रिक साखळी येथे काढून टाकली आहे. दांड्याची हालचाल संवेदक मोजतात, ती तारेवरून संगणकांकडे जाते, संगणक त्या हालचालीचा अर्थ लावतात आणि मग हायड्रॉलिक ॲक्च्युएटरना, म्हणजे तेलाच्या दाबाने स्वॅशप्लेट हलवणाऱ्या यंत्रणांना, आज्ञा देतात. हे परीक्षण केवळ या नियंत्रणप्रणालीचे आहे. मी हे हेलिकॉप्टर चालवलेले नाही. निर्मात्याने जाहीर केलेली माहिती, प्रमाणनाचे, म्हणजे उड्डाणासाठीच्या सरकारी मान्यतेचे, निकष आणि प्रसिद्ध झालेले अपघात-चौकशी अहवाल एवढ्यावरच हे लेखन आधारलेले आहे. या प्रणालीतील संगणकांचा आपापसांतील संवाद अत्यंत विश्वासार्ह आहे, मात्र तिचा माणसाशी होणारा संवाद त्या तोडीचा आहे हे तिने अजून सिद्ध करायचे आहे, असे माझे मत आहे.

यांत्रिक साखळी काढून टाकण्यामागची कारणे खरी आहेत. हेलिकॉप्टर हे स्वभावतः अस्थिर यान आहे. कलेक्टिव्ह, म्हणजे सर्व पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, वर ओढला की शक्ती वाढते, शक्ती वाढली की यान उभ्या अक्षाभोवती वळू पाहते, ते रोखण्यासाठी पायाने पेडल द्यावे लागते, आणि पेडल दिले की यान बाजूला सरकते. म्हणजे वैमानिकाच्या प्रत्येक कृतीला दुसरी, आणि दुसरीला तिसरी कृती जोडावी लागते. रात्री, धुक्यात किंवा हलणाऱ्या जहाजाच्या डेकवर उतरताना हेच काम त्याचे सगळे लक्ष खाऊन टाकते. संगणक मध्ये आल्यावर हे उपद्रव वेगळे करता येतात, दांडा सोडला की यान स्थिर राहते, आणि वैमानिकाला किती जोर लावावा याऐवजी यानाने कोठे जावे याचा विचार करता येतो. ही सोय मी किरकोळ मानत नाही. हेलिकॉप्टरचे कितीतरी अपघात यंत्र बिघडल्यामुळे होत नाहीत. क्षितिज दिसेनासे झाल्यावर वैमानिकाचा दिशाभ्रम होतो आणि यान त्याच्या ताब्यातून जाते. अशा वेळी यानाला स्वतःहून स्थिर ठेवणारी प्रणाली प्राण वाचवू शकते.

आता तारांकडे वळू. बेल ५२५मध्ये तीन उड्डाण-नियंत्रण संगणक आहेत आणि ते बीएई सिस्टिम्सने बनवलेले आहेत. मोठ्या प्रवासी हेलिकॉप्टरसाठी प्रमाणनाचा दंडक असा की, ज्या बिघाडाने यान आणि माणसे गमवावी लागतील तो बिघाड शंभर कोटी उड्डाणतासांत एकदाही होऊ नये अशी त्याची संभाव्यता असावी. कोणताही एकटा संगणक, एकटा संवेदक किंवा एकटी तार ही पातळी गाठू शकत नाही. म्हणून मार्ग तिप्पट किंवा चौपट करावे लागतात, त्यांना वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज द्यावी लागते, तारा यानाच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्या लागतात आणि सॉफ्टवेअर डीओ-१७८सी या मानकाच्या सर्वांत कडक अशा ‘अ’ पातळीनुसार लिहून तपासावे लागते.

या क्षेत्रातील संदेशवहनाची शिस्त मला फार मोलाची वाटते. विमानक्षेत्रात रुळलेल्या ॲरिंक ४२९ या पद्धतीत एका जोडतारेवर बोलणारा एकच असतो आणि ऐकणारे वीसपर्यंत असू शकतात. ३२ बिटांच्या प्रत्येक शब्दात हा आकडा विश्वासार्ह आहे की नाही, की तो केवळ चाचणीसाठी पाठवलेला आहे, हे सांगणारे बिट वेगळे राखून ठेवलेले असतात. लष्करी यानांत वापरल्या जाणाऱ्या एमआयएल-एसटीडी-१५५३बी या पद्धतीत एक नियंत्रक सर्वांना पाळीपाळीने विचारतो, विचारल्याशिवाय कोणी बोलत नाही, प्रत्येक शब्द २० बिटांचा असतो आणि सेकंदाला दहा लाख बिटांच्या वेगाने तो २० मायक्रोसेकंदांत पोचतो. घरातील इंटरनेटच्या तुलनेत हे वेग हास्यास्पद वाटतील, पण येथे वेगाला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते संदेश ठरलेल्या क्षणी पोचण्याला, आणि तो पोचला नाही तर न पोचल्याचे ताबडतोब कळण्याला. जुना आकडा ताज्यासारखा वाटणे हा नियंत्रणप्रणालीतील सर्वांत घातक दोष आहे, कारण गप्प बसलेला संवेदक ओळखता येतो, मात्र गोठलेला संवेदक शेवटचा खरा आकडा पुन्हा पुन्हा सांगत राहतो. म्हणून चांगल्या प्रणालीत प्रत्येक संदेशासोबत क्रमांक किंवा वेळेची खूण जाते, आणि ठरावीक मुदतीत नवा क्रमांक आला नाही तर तो मार्ग मतदानातून बाद केला जातो.

मतदान कसे होते हेही समजून घ्यायला हवे. तीन संवेदकांचे तीन आकडे आले की साधारणपणे मधला घेतला जातो. एखादा बराच काळ इतरांपासून दूर राहिला तर त्याला वगळले जाते. ही रीत साधी आहे आणि बहुतेक वेळा उत्तम चालते. तरीही तिच्या दोन मर्यादा ग्राहकाने ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, एखादा सदोष संगणक एका सोबत्याला एक आकडा आणि दुसऱ्याला वेगळाच आकडा सांगू लागला, तर केवळ तीन जणांच्या साध्या मतदानातून सत्य शोधता येत नाही. त्यासाठी चार सहभागी लागतात किंवा संदेशांवर बनावट करता न येणारी सही लागते. हे गणिताने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच सिद्ध झालेले आहे. दुसरी मर्यादा अधिक साधी आणि म्हणूनच अधिक धोक्याची आहे : बहुमत चुकीचे असेल तर मतदान प्रामाणिकपणे चुकीचाच निर्णय देते. ११ जून १९९१ रोजी अमेरिकेतील डेलावेअर राज्यात विल्मिंग्टन येथे व्ही-२२ ऑस्प्रे या कलत्या रोटरच्या यानाचा पाचवा नमुना पहिल्याच उड्डाणात जमिनीवर कोसळला. यान कलण्याचा वेग मोजणाऱ्या तीन संवेदकांपैकी दोघांच्या तारा उलट जोडलेल्या होत्या. तिसरा, एकटा पडलेला संवेदक खरे सांगत होता. प्रणालीने त्याला बाजूला सारले आणि डावीकडे कलणाऱ्या यानाला आणखी कलवले. सुदैवाने दोन्ही वैमानिक वाचले. या घटनेत एकही संगणक बिघडलेला नव्हता आणि एकही संदेश हरवला नव्हता.

विद्युतचुंबकीय लहरींचा प्रश्नही येथेच येतो. १९८०च्या दशकात अमेरिकी सेनेच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचा मागील आडवा पंख, जो विद्युत-आज्ञेने फिरतो, तो शक्तिशाली रेडिओ-प्रक्षेपकांच्या जवळून उडताना आज्ञेशिवाय हलल्याच्या नोंदी झाल्या आणि नंतर त्याच्या तारांना व पेट्यांना अधिक संरक्षक आवरण द्यावे लागले. आज तीव्र रेडिओ-क्षेत्र आणि वीज पडणे या दोन्हींसाठी स्वतंत्र प्रमाणन-नियम आहेत. धातूचे अंग असलेल्या यानाला जे संरक्षण आपोआप मिळते ते कार्बन-तंतूंच्या अंगाला मिळत नाही. त्यात धातूची जाळी मुद्दाम बसवावी लागते, आणि दुरुस्ती करताना ती जाळी तुटली तर बाहेरून काहीच दिसत नाही. देखभालीच्या करारात या जाळीच्या तपासणीचा उल्लेख आहे का, हे खरेदीदाराने अवश्य पाहावे.

येथवर प्रणालीला मी चांगले गुण देईन. आता ६ जुलै २०१६.

त्या दिवशी बेल ५२५चा पहिला नमुना, ज्याने वर्षभरापूर्वी १ जुलै २०१५ रोजी पहिले उड्डाण केले होते, टेक्सासमधील इटली या गावाजवळ हवेतच मोडला आणि दोन्ही चाचणी-वैमानिक मृत्युमुखी पडले. चाचणी होती १८५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगाने जाताना एक इंजिन बंद पडल्याची. इंजिन खरोखर बंद केले जात नव्हते; सॉफ्टवेअर दोन्ही इंजिनांची शक्ती मर्यादित करून तशी स्थिती निर्माण करत होते. अशा वेळी रोटरचे फेरे घटतात, वैमानिक कलेक्टिव्ह खाली करून ते परत मिळवतो आणि चाचणी संपते. त्या दिवशी फेरे पुरेसे परत आले नाहीत. मधल्या काळात सेकंदाला ६ आवर्तनांचे कंपन सुरू झाले आणि ते वाढत गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालानुसार या तीव्र कंपनामुळे वैमानिकांना रोटरचे फेरे राखता आले नाहीत. पाती मर्यादेबाहेर वरखाली झाली, शेपटीच्या दांडीवर आदळली आणि यान विखुरले.

कंपन का वाढले याचे उत्तर या परीक्षणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. अहवाल दोन कारणे देतो. हादऱ्यांमुळे वैमानिकाचा हात हलत होता, हातामुळे कलेक्टिव्ह हलत होता, आणि फ्लाय-बाय-वायर प्रणाली ती हालचाल वैमानिकाची इच्छा समजून इमानेइतबारे रोटरपर्यंत पोचवत होती. दुसरीकडे यानाची स्थिती आणि दिशा मोजणारी संदर्भप्रणाली तेच कंपन यानाची खरी हालचाल मानून त्यावर उतारा करण्याचा प्रयत्न करत होती, आणि त्या प्रयत्नाने कंपनाला खतपाणी मिळत होते. नियंत्रणनियमांत अशी वाढत जाणारी साखळी तोडणारी तरतूद नव्हती. येथे थोडे गणित उपयोगी पडते. सेकंदाला ६ आवर्तने म्हणजे एका आवर्तनाला सुमारे १६७ मिलिसेकंद. संवेदक, नको ती कंपने संदेशातून काढून टाकणारी गाळणी, संगणक, तार आणि ॲक्च्युएटर या सर्वांचा मिळून ४० मिलिसेकंदांचा विलंब झाला तरी तो पाव आवर्तनाएवढा होतो; मग जी दुरुस्ती कंपन शमवण्यासाठी निघाली ती इतकी उशिरा पोचते की शमवण्याची तिची ताकद संपते, आणि विलंब त्याहून वाढला की तीच दुरुस्ती कंपनाला पुढे ढकलते. प्रत्यक्ष यानातील विलंब किती होता हे येथे सांगण्याचा हेतू नाही. मुद्दा असा की, संदेश अचूक असणे आणि वेळेवर असणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि ‘वेळेवर’ याचा अर्थ कोणत्या कंपनाशी गाठ आहे यावरून ठरतो. संथ वळणासाठी जो विलंब नगण्य आहे, तोच ६ आवर्तनांच्या कंपनासाठी घातक ठरू शकतो.

यांत्रिक सळ्यांच्या यानातही हात हलतो आणि दांडा हलतो, हे खरे आहे. वैमानिकाच्या शरीरातून परत जाणारे कंपन हा जुनाच विषय आहे. परंतु सळ्यांना स्वतःचे वजन आणि घर्षण असते आणि त्यांत हालचालीचा काही भाग विरून जातो. तारेला वजन नाही. जे घर्षण यंत्र फुकट देत होते ते आता कोणीतरी विचारपूर्वक सॉफ्टवेअरमध्ये लिहावे लागते, आणि ते लिहायचे राहिले तर कोणताही दिवा लागत नाही. बेलने अपघातानंतर कलेक्टिव्हच्या मार्गात गाळणी घातली, संदर्भप्रणालीचा प्रतिसाद सुधारला आणि सुमारे वर्षभराने उड्डाणे पुन्हा सुरू केली. हे बदल योग्य दिशेचे आहेत, आणि कारण सापडल्यावर ते लपवण्याऐवजी नियंत्रणनियमच बदलणे हे निर्मात्याच्या बाजूने नोंदवण्यासारखे आहे.

मात्र अहवालातील आणखी दोन निष्कर्षांकडे माहितीपत्रके वाचणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते. चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये रोटरचे फेरे ठरावीक मर्यादेखाली गेले की आपोआप पूर्ण शक्ती परत देणारी व्यवस्था नव्हती. आणि फेरे कमी झाल्याचे वैमानिकांना निःसंदिग्धपणे कळेल असा वेगळा इशारा नव्हता. संगणकांना फेऱ्यांचा आकडा अखंड मिळत होता. तो त्या हादऱ्यांतही माणसापर्यंत ठसठशीतपणे पोचेल, अशी सोय मात्र नव्हती. हेलिकॉप्टरमध्ये रोटरचे फेरे म्हणजे सर्वस्व आहे. ते गेले की उरलेल्या साऱ्या प्रणाली शाबूत असून उपयोग नाही. हादऱ्यांनी पडद्यावरचे आकडे वाचता येत नसताना कानाला किंवा हाताला कळेल असा इशारा असणे, ही माझ्या मते या श्रेणीच्या प्रणालीची पहिली गरज आहे.

हा प्रश्न एकट्या बेलचा नाही, हे २९ एप्रिल २०२०च्या घटनेवरून दिसते. कॅनडाच्या फ्रेडरिक्टन या युद्धनौकेवरचे सीएच-१४८ सायक्लोन हेलिकॉप्टर, जे सिकॉर्स्कीच्या एस-९२वरून विकसित केलेले पण फ्लाय-बाय-वायर नियंत्रण असलेले यान आहे, ग्रीसजवळ आयोनियन समुद्रात कोसळले आणि आतील सहाही जणांचा अंत झाला. चौकशीत असे आढळले की, स्वयंचलित मार्गदर्शन चालू असतानाच वैमानिकाने हाताने दिलेल्या आज्ञा आणि त्या मार्गदर्शनाच्या आज्ञा यांच्यामुळे संगणकातील प्रतिमानात हळूहळू एक फरक साठत गेला. तो साठत असल्याचे वैमानिकांना कशातूनच दिसत नव्हते, आणि शेवटच्या क्षणी यानाने त्यांच्या अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद दिला नाही. दोष म्हणावा असा एकही भाग निकामी झालेला नव्हता. आज्ञा कोणाची चालू आहे, माणसाची की यंत्राची, याविषयी दोघांचा समज वेगळा होता. वैमानिकाने स्वयंचलित मार्गदर्शनाची पकड सोडवणारे बटण दाबले नाही असे म्हणून हा विषय मिटवणे मला अन्यायाचे वाटते, कारण न दाबण्याचा परिणाम काय होईल हे त्याला सांगण्याची जबाबदारी प्रणालीची आणि तिच्या पुस्तिकेची होती.

इशारा चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या अर्थाने दिला तर काय होते, त्याचे उदाहरण पुन्हा व्ही-२२चेच आहे. ११ डिसेंबर २००० रोजी उत्तर कॅरोलायनात एका व्ही-२२ची हायड्रॉलिक नळी फुटली, इशारा लागला, आणि प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे वैमानिकांनी प्रणाली पूर्ववत करण्याचे बटण दाबले. सॉफ्टवेअरमधील त्रुटीमुळे प्रत्येक दाबण्यासरशी पात्यांचे कोन झपाट्याने बदलत गेले, यान अनियंत्रित झाले आणि चार मरीन सैनिक ठार झाले. हायड्रॉलिकचा बिघाड एवढाच असता तर तो पेलण्यासाठी पर्यायी मार्ग होता.

तुलनेसाठी युरोपच्या एनएच-९०कडे पाहावे लागेल. १८ डिसेंबर १९९५ रोजी प्रथम उडालेल्या या लष्करी हेलिकॉप्टरची नियंत्रणप्रणाली चौपट मार्गांची आहे, तिलाही यांत्रिक पर्याय नाही, आणि मालिका-उत्पादनात आलेले हे अशा प्रकारचे पहिले हेलिकॉप्टर आहे. त्याच्या वाट्याला आलेल्या तक्रारी मुख्यतः सुट्या भागांच्या आणि देखभालीच्या आहेत. तारेवरच्या नियंत्रणाची कल्पना त्याने टिकाऊ ठरवली आहे. आपल्याकडे तेजस हे लढाऊ विमान चौपट अंकीय फ्लाय-बाय-वायरवर चालते, मात्र ध्रुव हेलिकॉप्टरमध्ये यांत्रिक-हायड्रॉलिक साखळीच्या जोडीला स्वयंचलित स्थैर्यप्रणाली आहे. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळले तेव्हा चौकशीचा रोख स्वॅशप्लेट तुटण्याकडे गेला होता. फ्लाय-बाय-वायरनेही ही जागा टळत नाही, कारण तारेच्या शेवटी स्वॅशप्लेट असतेच आणि तिचे दुसरे प्रतिरूप नसते. तीन संगणकांच्या सुरक्षेचे आकडे वाचताना शेवटचा धातूचा तुकडा एकटाच आहे, हे विसरता येणार नाही.

खरेदीचा प्रश्न आता प्रत्यक्षातला आहे. नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीने २०२४मध्ये समुद्रातील कामासाठी दहा बेल ५२५ घेण्याचे जाहीर केले आहे, आणि मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हाय क्षेत्रात जुहूहून हेलिकॉप्टरने रोज कामावर जाणाऱ्या माणसांसाठीही पुढेमागे याच श्रेणीची याने विचारात येतील. पावसाळ्यातील ढग, खाली एकसुरी राखाडी पाणी आणि हलणारे डेक या परिस्थितीत स्वतःहून स्थिर राहणारे यान हे मोठे साहाय्य आहे, आणि म्हणून या प्रणालीच्या बाजूने माझा कौल आहे. तिची संदेशवहनाची रचना, तिचे मतदान आणि तिच्या प्रमाणनाची कठोरता यांबाबत मला शंका नाही. प्रमाणन लांबले याचा मला खेद वाटत नाही, कारण मुळातले नियम यांत्रिक साखळी गृहीत धरून लिहिलेले होते आणि नियामकाला या यानासाठी विशेष अटी घालाव्या लागल्या.

कौल मात्र सशर्त आहे. खरेदीदाराने निर्मात्याकडे किती संगणक आहेत हे विचारून थांबू नये. दांड्यापासून पात्यापर्यंतचा एकूण विलंब किती, कोणत्या कंपनांसाठी गाळणी लावली आहे, आणि त्या गाळणीमुळे वैमानिकाच्या तातडीच्या हालचालीला किती उशीर होतो, हे लेखी मागावे. स्वयंचलित मार्गदर्शन चालू असताना दांडा हलवला तर कोणाची आज्ञा चालते आणि ते कॉकपिटमध्ये कोठे दिसते, हे सिम्युलेटरमध्ये आपल्याच वैमानिकांकडून तपासून घ्यावे. तपासणी दिवसा, शांत हवेत न करता रात्रीच्या समुद्राच्या दृश्यात, दोन इशारे एकाच वेळी वाजत असताना करावी. रोटरचे फेरे घटल्याचा आवाज इतर सर्व आवाजांहून वेगळा ओळखू येतो का, याचा निवाडा विक्रेत्याच्या प्रतिनिधीवर सोपवू नये. तो त्या यानात रोज बसणाऱ्या वैमानिकांनी करावा, आणि त्यांचे उत्तर नकारार्थी असेल तर करारावर सही त्या दुरुस्तीनंतरच व्हावी.